जंगल कटिंगचे गवत-झुडूप: जाळायचे, कुजवायचे की शेताला घालायचे?

काळीमाती (सेलू), धागा सुरू करणारे

सर्वांना नमस्कार. आमचा आखाडा (शेतातले घर-गोठा) सेलू तालुक्यात मनमाड–परभणी लाईनला लागून आहे. धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) रेल्वेची हद्द, हद्दीच्या आत नाली, नालीनंतर भराव आणि भरावावर खडी व रूळ, असा हा पट्टा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पावसाळा सरला की तिथे जंगल कटिंग होते. कुंदा, पवना, गाजर गवत, तरोटा, घाणेरी, रुई आणि वेड्या बाभळीचे फोक कापून जागोजागी ढीग घातले जातात, आणि त्या ढिगांचे पुढे काय व्हायचे हे कोणाच्याच खात्यावर नसते. काही ढीग पावसाने बसतात, काही शेळ्या विस्कटतात आणि बरेचसे माघ-फाल्गुनात केव्हातरी पेटतात.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका जाळाची धग धुरा ओलांडून आली आणि माझ्या मोसंबीच्या दोन ओळींतील ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या. जाळ लावणारा माणूस मी पाहिलेला नाही, त्यामुळे कोणावर ठपका ठेवण्यासाठी हा धागा काढलेला नाही. नळ्या खुरप्याने खरवडून काढताना मात्र एक गोष्ट सलत राहिली. तारेच्या अलीकडे मोसंबीच्या आळ्यात घालायला आच्छादन नाही म्हणून मी सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) विकत आणतो, आणि तारेच्या पलीकडे त्याच कामाचा माल राख होऊन जातो.

माल किती असावा याचा अंदाज घेण्यासाठी मी माझ्याच धुऱ्यावर, जिथे हेच गवत वाढते, एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट पाच ठिकाणी ठेवली आणि आतले गवत कापून ताणकाट्यावर तोलले. ओले वजन चौकटीमागे दीड ते दोन किलो भरले. लाईनच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मीटरचा पट्टा धरला तर किलोमीटरला ६,००० चौरस मीटर होतात, म्हणजे ओले नऊ ते बारा टन गवत. वाळल्यावर ते तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येईल हे मान्य केले तरी दोन-तीन टन सुका माल उरतोच. हा माल मिळावा म्हणून रेल्वेकडे करायच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला आहे. याचा उपयोग करता येईल का, आणि येत असेल तर अडते कुठे, हे जाणकारांनी सांगावे.


पूर्णेकर (निवृत्त मुकादम)

काळीमाती, हिशेब आपण चांगला मांडला आहे. पण लाईन म्हणजे सपाट शेत आहे असे धरून तो मांडला आहे. मी ट्रॅकमन म्हणून लागलो तेव्हा पूर्णा हे मीटरगेजचे गजबजलेले जंक्शन होते, आणि मुकादम म्हणून निवृत्त झालो तेव्हा विजेच्या तारेचे खांब उभे राहत होते. या सगळ्या काळात गवत कापण्याचे काम चुकले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लाईनवरचा झाडोरा शोभेसाठी काढत नाहीत. खडीत गवत माजले की मुळ्या माती धरतात, पाणी निथरत नाही आणि रुळांचा भार ज्या खडीने पेलायचा तीच चिखलाळते. नाली झुडपांनी तुंबली की पाणी भरावाच्या पायथ्याशी साचते, आणि आपली काळी माती पाणी प्यायली की काय करते हे शेतकऱ्याला सांगायला नको. वळणावर बाभळी वाढल्या की चालकाला सिग्नल उशिरा दिसतो, आणि फाटकाच्या ६०० मीटर आधी लावलेला 'सी/फा'चा (सीटी/फाटक) पिवळा फलक फांद्यांआड गेला की शिट्टी उशिरा वाजते. विद्युतीकरणानंतर या कामात २५ हजार व्होल्टच्या तारेकडे झुकणाऱ्या फांद्यांची भर पडली आहे. त्या तारेच्या दोन मीटरच्या आत माणसाने किंवा त्याच्या हातातील कोयत्याने जायचे नसते, म्हणून तिथली छाटणी वीजप्रवाह बंद करूनच होते.

आता मालाविषयी. लाईनचे तीन पट्टे मनात धरा. पहिला पट्टा खडी आणि तिच्या कडेची पायवाट, जिला आम्ही सेस म्हणतो. दुसरा भरावाचा उतार आणि नाली. तिसरा नालीपासून हद्दीच्या खुंटापर्यंतचा. पहिल्या पट्ट्यातले तण कुजवण्याच्या कामाचे नाही, कारण त्यात इंजिनाचे तेल, खडीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या आणि पुष्कळदा तणनाशक असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यातला माल चांगला असतो; मात्र कापताना तिन्ही पट्टे एकाच ढिगात गेले की तोही वाया जातो. माझ्या मते सगळा प्रश्न इथे, कापण्याच्या वेळी, सुटतो किंवा बिघडतो. खताच्या टाकीपाशी येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

ढीग बेवारस का राहतो तेही सांगतो. मी पाहिलेल्या ठेक्यांत कामाचे मोजमाप चौरस मीटरवर होते. क्षेत्र कापून मोकळे दिसले की माप पुस्तकात चढते. कापलेला माल रुळांपासून सुरक्षित अंतरावर टाकला की ठेकेदाराचे काम संपते. तो उचलून फाटकापर्यंत नेण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. माणसे आळशी आहेत म्हणून ढीग पडून राहतात असे समजू नये.

उचलायचे म्हटले तरी वाट नाही. भरावाच्या कडेने ट्रॅक्टर जात नाही. रुळांवरून डिप लॉरीने (रुळांवर ढकलायच्या सामानाच्या गाडीने) माल आणायचा तर गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो, आणि गवतासाठी कोणी ब्लॉक देणार नाही, देऊही नये. म्हणून किलोमीटरचा हिशेब सोडा. फाटकाच्या किंवा स्टेशनच्या दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे मीटर, एवढाच माल हाती येण्यासारखा आहे. तशी फाटकेही कमी झाली. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपली आणि पुष्कळ ठिकाणी भुयारी मार्ग झाले, ज्यांत श्रावणात म्हशी डुंबतात. पण तो दुसऱ्या धाग्याचा विषय आहे.

शेवटची आणि महत्त्वाची विनंती अशी की, कोणीही विळा घेऊन तार ओलांडू नये. विनापरवाना हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे. कलम बाजूला ठेवले तरी ब्रश कटर (झुडपे कापायचे यंत्र) चालू असताना मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, आणि विजेचे इंजिन तर डिझेलपेक्षा गुपचूप येते. आमच्या गँगमध्ये शिट्टी आणि झेंडे घेतलेला एक माणूस फक्त गाडीकडे पाहण्यासाठी उभा असे, तो उगाच नव्हे.


हळदीचा मळा (वसमत)

पूर्णेकर काका, माहिती डोळे उघडणारी आहे. आमच्याकडे हळदीच्या बेण्यावर आच्छादन घातले तर उगवण एकसारखी येते, पण आम्हाला ते लागवडीनंतर, म्हणजे मे-जूनमध्ये लागते. जंगल कटिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. मधले सहा महिने गंजी घालून ठेवायची तर वाळवी आणि जाळ या दोन्हींची राखण करावी लागेल. त्यामुळे हळदीपेक्षा मोसंबी आणि आंब्याच्या बागांना हे अधिक सोयीचे पडेल असे वाटते.


सेंद्रिय कर्ब (परभणी)

मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता माती परीक्षणाचे काम करतो. पूर्णेकर काकांनी अनुभवाने जे तीन पट्टे सांगितले, तेच प्रदूषणाच्या दृष्टीनेही बरोबर आहेत. चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणाने जी बारीक धूळ उडते, तिच्यात मुख्यतः लोह असते आणि सोबत मँगनीज, जस्त यांसारखे धातू असतात. विद्युत मार्गावर तारेच्या झिजेतून तांब्याची भर पडते. ही धूळ बहुतांशी रुळांपासून पहिल्या काही मीटरांतच बसते. जुन्या लाकडी स्लीपरना मुरवलेले क्रिओसोट (डांबरी तेल) हाही एक घातक भाग होता, पण रुंदीकरणानंतर (मीटरगेजचे ब्रॉडगेज झाल्यावर) आपल्याकडे काँक्रीटचे स्लीपर आले. डब्यांखालून थेट रुळांवर पडणारी घाणही जैव-शौचालये बसल्यापासून थांबली आहे. थोडक्यात, मार्गाकाठचा माल वीस वर्षांपूर्वीपेक्षा आज बराच स्वच्छ आहे, मात्र खडीचा पट्टा वगळूनच.

तणनाशकाबद्दल एक खूण लक्षात ठेवावी. गवत एका सरळ रेषेत, आखून दिल्यासारखे पिवळे पडलेले दिसले की तिथे फवारणी झाली आहे असे समजावे आणि तो माल घेऊ नये. ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचित केले आहे. परंतु प्रत्येक मळलेल्या डब्यात काय आहे हे धुऱ्यावरून कळत नाही. शंका असेल तर तयार खताची परीक्षा घरीच घ्यावी. दोन कुंड्या घ्याव्यात, एकीत आपली नेहमीची माती आणि दुसरीत निम्मी माती व निम्मे खत भरून दोन्हींत मुगाचे दहा-दहा दाणे टाकावेत. पंधरा दिवसांत खताच्या कुंडीतली पाने आकसली, वाटीसारखी वळली किंवा दाणे कमी उगवले, तर ते खत पिकाला घालू नये.

आता गाजर गवत. हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आज ते प्रत्येक पडीक जागेवर आहे. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि एकेका झाडाला हजारो बिया धरतात. फुलापूर्वी कापलेले गाजर गवत हा उत्तम हिरवा माल आहे, कारण त्यात नत्र भरपूर असते. फुलानंतर कापलेले तेच गवत म्हणजे शेतात पेरायला आणलेले तण आहे. म्हणून कटिंग ऑक्टोबरऐवजी ऑगस्टमध्ये, एक उघडीप साधून झाले, तर फलक आणि सिग्नलही लवकर मोकळे होतील आणि मालही कामाचा मिळेल. कुंदा आणि हराळीचे केवळ वरचे शेंडे घ्यावेत. त्यांची मुळी किंवा कांडी आली की ती खतातही जिवंत राहते, आणि कुंद्याने वावर गेलेला शेतकरी आयुष्यभर तुम्हाला शिव्या देईल.

बी असलेला माल घ्यावाच लागला तर तो थंड पद्धतीने कुजवून चालणार नाही. ढिगाच्या पोटात निदान तीन दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता टिकली पाहिजे आणि ढीग दोन-तीनदा उलथून बाहेरचा भाग आत गेला पाहिजे. लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढावी. तिचे टोक मुठीत धरवत नसेल तर ढीग तापला आहे. ही उष्णता येण्यासाठी कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ते ३० ला एक असावे लागते. हिरवे गवत एकटे रचले तर सडून वास मारते, तुराट्या आणि पऱ्हाटी एकट्या रचल्या तर वर्षभर तशाच राहतात. दोन्ही मिसळले आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवला की काम होते.


रानशेळी (गंगाखेड)

एवढा खटाटोप कशाला? कापलेला पाला फाटकापाशी टाकावा, आमच्या शेळ्या दोन दिवसांत साफ करतील.


सेंद्रिय कर्ब (परभणी)

दादा, निवडलेले गवत शेळ्यांना जरूर घाला, पण ढिगातले सर्रास घालू नका. घाणेरी जनावराला विषारी असते, तिने कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. नाल्यांत माजलेली बेशरमही विषारीच. आणि वेड्या बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, पण त्यांतले बी लेंडीतून अखंड बाहेर पडते, किंबहुना अधिक चांगले उगवते. लाईनवरची वेडी बाभूळ आपल्या वावरात आणण्याचा याहून सोपा मार्ग नाही.


गटप्रमुख ताई (मानवत)

आमच्या बचत गटाने ग्रामपंचायतीच्या जागेत नाडेपच्या (कंपोस्ट खताच्या) दोन टाक्या बांधल्या, त्यांचा अनुभव सांगते. आम्ही रस्त्याकडेचे आणि शाळेच्या आवारातले गवत वापरले, पण माल हाच होता. नाडेप हे नाव यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्यावरून पडले आहे. टाकी आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते, आणि विटांच्या भिंतीत हवेसाठी झरोके सोडलेले असतात.

पहिली टाकी आमची पूर्ण फसली. तरोट्याचे दांडे आणि गवत होते तसे आत टाकले, वर दोन पाट्या शेण घातले आणि चार महिन्यांनी मोठ्या आशेने उघडले. दांडे जसेच्या तसे होते. खालून दोन रबरी चपला, पाण्याच्या बाटल्या आणि कोणाच्या तरी लग्नाची प्लॅस्टिकची माळ निघाली. ती टाकी रिकामी करताना आम्ही जेवढे हसलो तेवढेच कंबरडेही मोडले.

दुसऱ्या वेळी सगळा माल आधी ताडपत्रीवर पसरून निवडला आणि कडबाकुट्टीतून बोटाएवढा बारीक केला. सहा इंच थर, त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडले, त्यावर चाळलेली माती. असे अकरा-बारा थर झाले. एका टाकीला एकूण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि जवळजवळ तेवढीच माती लागते असे आधी कोणीतरी सांगितले होते. ते चूक आहे, माती काडीकचऱ्यापेक्षाही जास्त, सुमारे १,७०० किलो लागते. माती चाळणे हेच या कामातले सर्वांत जड काम आहे. वर झोपडीच्या छपरासारखा उंचवटा करून शेणमातीने लिंपले, पंधरा-वीस दिवसांनी थर आठ-नऊ इंच बसला तेव्हा पुन्हा भरून लिंपले. चार महिन्यांनी काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत निघाले. एका टाकीत ते अडीच-तीन टन भरते.

सेंद्रिय कर्ब दादांनी उष्णतेचे जे सांगितले ते नाडेपला लागू पडत नाही, कारण नाडेपचा ढीग उलथत नाहीत आणि तो तितका तापतही नाही. म्हणून आम्ही फुलावर आलेले गाजर गवत टाकीजवळसुद्धा आणत नाही. आणखी एक सांगते. आमच्या गटातील एका बाईचे हात गाजर गवताने खाजून खाजून काळे पडले आणि तिने काम सोडले. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी मोजे आणि तोंडावर ओला रुमाल असल्याशिवाय कोणालाही या ढिगात हात घालू देऊ नका. जिला शिंकांचा किंवा दम्याचा त्रास आहे तिला माती चाळायला बसवा, गवताला नको.


भट्टीवाला (जालना)

ब्रिकेटच्या, म्हणजे पांढऱ्या कोळशाच्या (काडीकचरा दाबून केलेल्या जळाऊ ठोकळ्यांच्या), धंद्यातला माणूस म्हणून लिहितो. 'हा पाला कारखान्यांनी घ्यावा' असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला माल १० ते १२ टक्के ओलाव्याचा लागतो, आणि त्यात माती-खडे नको असतात. खडीचा एक तुकडा हॅमर मिलमध्ये (भुगा करायच्या यंत्रात) गेला की त्या दिवसाचा नफा गेला. गवताच्या राखेत सिलिका असते, ती बॉयलरच्या जाळीवर वितळून खंगर धरते, त्यामुळे गिऱ्हाईकच गवताचा ब्रिकेट नाकारतो. सुटे गवत घनमीटरला शंभर किलोही भरत नाही. ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर चढवली की डिझेलचे पैसे निघत नाहीत. शिवाय आपल्याकडे तुराट्या, पऱ्हाटी, सोयाबीनची गुळी आणि बगॅस (उसाचे चिपाड) हा कोरडा माल असताना गवताच्या मागे कोण लागणार?

वेड्या बाभळीचे लाकूड मात्र सोने आहे. तिचा कोळसा दमदार आणि तुकडे ब्रिकेटला उत्तम. कोळशावरील वीजकेंद्रांनी ५ टक्के जैवभार मिसळावा असे केंद्राच्या २०२१ च्या धोरणात आल्यापासून लाकडी मालाला विचारणाही आहे. पण इथे जरा जपून. रेल्वेच्या हद्दीतले झाड ही रेल्वेची मालमत्ता आहे, तिची विक्री रीतसर व्हावी लागते, आणि लाकडाच्या तोडीला व वाहतुकीला वेगळे नियम आहेत. पाला आणि लाकूड एकाच अर्जात घालाल तर दोन्ही अडकेल.


परतलेला (छत्रपती संभाजीनगर)

मी काही वर्षे इंग्लंडमध्ये होतो. तिथे ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने संपली आणि ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून भराव बोडके ठेवण्याची गरजही संपली. पुढच्या पन्नास वर्षांत लाईनच्या दोन्ही अंगांना अक्षरशः जंगल उभे राहिले. शरद ऋतूत त्या झाडांची पाने रुळांवर पडून चाकांखाली दळली जातात, त्यांचा गुळगुळीत थर बसतो आणि गाड्या घसरू नयेत म्हणून वेळापत्रकच बदलावे लागते. आपल्याकडच्या कडुलिंबाच्या पानांनी असा प्रताप कधी केल्याचे ऐकिवात नाही.

तिथे पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात झाडे तोडल्यावरून २०१८ मध्ये मोठा गदारोळ झाला, आणि सरकारने जॉन वार्ली यांच्याकडून त्या सर्व कामाची तपासणी करून घेतली. इथे सांगण्याजोगी बाब एवढीच की तिथे तोडलेल्या फांद्या पुष्कळदा जागेवरच यंत्राने चिरफळून उतारावर पसरतात, बाहेर नेतच नाहीत. वाहतुकीचा प्रश्न त्याने मिटतो.


पूर्णेकर (निवृत्त मुकादम)

तिथे ते चालत असेल, कारण तिथे बारा महिने ओल असते. इथे चैत्रात उतारावर पसरलेला चुरा म्हणजे पेट्रोल आहे. एका बिडीत दोन किलोमीटर भराव काळा झालेला मी पाहिला आहे, आणि त्या वेळी सिग्नलच्या केबलसुद्धा गेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर पसरला तर आषाढ-श्रावणात कुजून जाईल, आणि भरावाची मातीही धुपणार नाही. पण दिवाळीनंतर पसरू नये.


बांधावरचा (परतूर)

मला एक आडवा प्रश्न विचारायचा आहे. जागा रेल्वेची, गवत रेल्वेचे, कापण्याचे पैसे ठेकेदाराला, आणि निवडायचे, कुटायचे, कुजवायचे मात्र आम्ही. फुकटचे मजूर म्हणून आमच्याकडे पाहिले जात असेल तर आपण एवढे उत्साहात का यावे?


काळीमाती (सेलू)

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी वहीत मांडून पाहिले. फाटकाच्या चारी अंगांना अडीचशे मीटर आणि तीन मीटर रुंद पट्टा धरला तर ३,००० चौरस मीटर होतात, म्हणजे साडेचार ते सहा टन ओला माल. त्यातला सेसलगतचा, फवारलेला आणि काटेरी भाग वजा करून निम्मा हाती लागला, तरी ताईंच्या हिशेबाने टाकी भरून वर थोडे आच्छादनाला उरते. एका टाकीचे अडीच-तीन टन खत, आणि कोरडवाहू पिकाला सर्वसाधारण शिफारस हेक्टरी पाच टन शेणखताची. म्हणजे एका फाटकावर सव्वा-दीड एकराची गरज भागते, त्याहून अधिक नाही. कोणी श्रीमंत होणार नाही हे खरे आहे. पण ढीग उचलला गेला तर माझ्या ठिबकच्या नळ्या वाचतात, आणि मला तेवढेही पुरे आहे.

मजुरीबाबत आपले म्हणणे मान्य करून मी अर्जाचा मसुदा बदलला आहे. त्यात आता तीनच गोष्टी मागितल्या आहेत. फाटकालगतचे कटिंग गाजर गवत फुलण्यापूर्वी व्हावे. सेसवरचा माल आणि उताराचा माल वेगळ्या ढिगांत टाकावा. आणि उताराचा ढीग ठेकेदाराच्याच माणसांनी फाटकाच्या हद्दीबाहेर, ट्रॅक्टर लागेल अशा जागी आणून द्यावा, त्याची उचल कामाच्या मोजमापात धरावी. लाकडाचा उल्लेख भट्टीवाले यांच्या सल्ल्याप्रमाणे काढून टाकला आहे. हद्दीत शिरण्याची परवानगी मागितलेलीच नाही.


पूर्णेकर (निवृत्त मुकादम)

मसुदा चांगला झाला आहे. दोन दुरुस्त्या करा. 'फाटकालगत' असे मोघम न लिहिता फाटकाच्या खोलीवर रंगवलेला क्रमांक आणि जवळच्या दगडावरचे किलोमीटर लिहा, म्हणजे कागद योग्य सेक्शनच्या टेबलावर पडेल. आणि 'गाजर गवत फुलण्यापूर्वी' याऐवजी महिना लिहा. साहेब लोकांना महिना कळतो, फूल कळत नाही.


गटप्रमुख ताई (मानवत)

मोसंबीच्या आळ्यात आच्छादन घालाल तेव्हा खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा. आमच्या दिरांनी गवत बुंध्याला टेकवून घातले आणि ओलीने डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागला.


काळीमाती (सेलू)

ताई, लक्षात ठेवतो. अर्जाचे उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर माझ्या धुऱ्यावरच्या गवताची एक टाकी भरून पाहायची ठरवली आहे. विटा आल्या आहेत. कडबाकुट्टी मात्र नाही; कोणाकडे दोन दिवस मिळेल का?


बांधावरचा (परतूर)

माझ्याकडे आहे, तीन एचपीची. शनिवारी टेम्पो सेलूच्या बाजारात येतो, त्यात घालून देतो. पाते धार लावून ठेवतो, पण कुंदा ओला घालू नका, पात्याला गुंडाळतो आणि मोटार बसते. एक दिवस उन्हात सुकवून घाला. आणि टाकी उघडाल त्या दिवशी मला बोलवा, चपला मोजायच्या आहेत.